उंदीर, छर्ऱ्याची बंदूक आणि उंबरठ्यावरचा कुत्रा

भातकापणी आटोपली की शेतातले उंदीर घराकडे वळतात. कोकणातल्या कुठल्याही मोहल्ल्यात त्या दिवसांत हाच विषय असतो. पडवीत भाताची पोती, माळ्यावर सुक्या मासळीचे डबे, मागच्या दारी कोंबड्यांचे खुराडे आणि त्यापलीकडे माडांची वाडी. उंदरांसाठी पंगतच मांडून ठेवलेली असते म्हणा ना! माडावर चढणारा काळा उंदीर वेगळा आणि जमीन पोखरणारी घूस वेगळी, हे आपल्या दादी-नानींना न शिकवता ठाऊक होते. काळा उंदीर माडाच्या शेंड्यात घर करतो, कोवळ्या नारळाला देठाजवळ भोक पाडतो आणि भोक पडलेले फळ गळून खाली येते. घूस जोत्याखाली बीळ करते, भाताच्या लोंब्या ओढून आत साठवते आणि रात्री खुराड्यातली पिल्लेही नेते. मादी तीन आठवड्यांत विते. तिची पिल्लेही तीनेक महिन्यांत स्वतः वियायला तयार होतात. एका पावसाळ्यात दोनाचे किती होतात, हा हिशेब ज्याने त्याने करावा.

आता या लढाईत एक नवे हत्यार आले आहे, छर्ऱ्याची बंदूक. शहरातून सुटीवर येणारा एखादा चाचा ती घेऊन येतो, चार दिवस सारा मोहल्ला माडावर नेम धरतो, आणि चाचा गेला की बंदूक घरातल्या पंधरा वर्षांच्या पोराच्या हाती राहते. मग आमच्याकडे विचारणा होते, तीही दोन तऱ्हांनी. मुले विचारतात, बंदूक कोणती घ्यावी? त्यांच्या अम्मी विचारतात, हा गुनाह तर नाही ना? दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा असल्यामुळे आम्ही तिथूनच सुरुवात करतो.

उंदीर मारणे गुनाह नाही. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आलेल्या हदीसनुसार पाच जनावरे अशी आहेत की ती हरमच्या हद्दीतसुद्धा मारता येतात: कावळा, घार, विंचू, उंदीर आणि चावरा कुत्रा. जिथे गवताची काडी तोडायची नाही, जिथे शिकार हराम, तिथेही उंदराला सूट नाही. याहून स्पष्ट परवानगी ती कोणती? दुसऱ्या एका हदीसमध्ये प्रेषितांनी (स.) रात्री झोपण्यापूर्वी भांडी झाकायला, दारे लावायला आणि दिवा विझवायला सांगितले आहे. कारणही दिले आहे की उंदीर दिव्याची वात ओढून नेतो आणि घरादाराला आग लावतो. आज वात नाही, पण उंदीर माळ्यावरच्या विजेच्या वायरीची साल कुरतडतो आणि ठिणगी पडते. चौदाशे वर्षांत उंदराची खोड बदललेली नाही.

पण मारण्याची परवानगी म्हणजे कसेही मारण्याची परवानगी नव्हे. इथे आमचे म्हणणे थोडे कडक वाटेल. मुस्लिममधील हजरत शद्दाद बिन औस (रजि.) यांच्या हदीसचा आशय असा, की अल्लाहने प्रत्येक गोष्टीत चांगुलपणा नेमून दिला आहे. मारायचे झाले तरी नीट मारा, जबह करायचे असेल तर सुरीला धार लावा आणि जनावराला आराम द्या. बकरी ईदला सुरीची धार आपण अंगठ्यावर पाहतो, ती याचसाठी. मग पिंजऱ्यात सापडलेल्या उंदरावर उकळते पाणी ओतणे, घासलेट टाकून पेटवून देणे, शेपटीला दोरी बांधून पोरांच्या खेळाला देणे हे कुठे बसते? आगीने शिक्षा देण्याचा हक्क फक्त आगीच्या मालकाचा, असा हदीसचा स्पष्ट आदेश आहे. उंदीर नुकसान करतो ते पोटासाठी. त्याला जाळून मारण्यात आपले कोणते पोट भरते?

बंदुकीबद्दल बोलायचे तर आधी या शब्दाचीच गंमत सांगावीशी वाटते. अरबीत ‘बुंदुक’ म्हणजे हेजलनट हे फळ. त्या आकाराच्या मातीच्या भाजलेल्या गोळ्या धनुष्यातून पाखरांवर मारीत, त्यांनाही बुंदुक म्हणू लागले. पुढे दारूगोळा आला तेव्हा हेच नाव नव्या हत्याराला चिकटले आणि फिरत फिरत मराठीत ‘बंदूक’ होऊन बसले. म्हणजे दारूची बंदूक जन्मायच्या कितीतरी आधी आपल्या फिकहच्या ग्रंथांत बुंदुकाची चर्चा झालेली आहे, आणि ती चर्चा एअरगनला नेमकी लागू पडते. गोळी धारेने कापत नाही, आघाताने मारते. सूरह माइदामध्ये मार लागून मेलेले जनावर हराम ठरवले आहे. म्हणून जबह करण्याआधीच गोळीने मेलेले पाखरू आपल्या उलमांनी त्यातच धरले. घोडा दाबताना बिस्मिल्लाह म्हटले म्हणून छर्ऱ्याने मेलेला होला हलाल होत नाही. जिवंत हाती लागला आणि रीतसर जबह केला तर गोष्ट वेगळी, पण तिथे देशाचा कायदा आडवा येतो.

तो कायदाही पाहून घेऊ. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ०.१७७ इंच, म्हणजे ४.५ मिलिमीटर नळीच्या आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीच्या हवेच्या बंदुकीला परवाना लागत नाही. दुकानात सहज मिळते ती हीच. परंतु बंदुकीला परवाना नाही याचा अर्थ शिकारीला परवाना आहे असा लोक घेतात, आणि तिथेच अडकतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पूर्वी उपद्रवी प्राण्यांची एक यादी होती. तीत उंदीर, घुशी, वटवाघळे आणि कावळा असे चौघे होते. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच काढून टाकली आणि कावळा संरक्षित पक्ष्यांत गेला. मोर, घुबड, मुंगूस, धामण, वानर यांना तर संरक्षण आहेच. नारळ फोडणारा शेकरू हा आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी. तो कितीही नारळ पाडो, त्याच्यावर नळी रोखायची नाही. हदीसमध्ये कावळ्याचे नाव आहे, मग मारला तर काय बिघडले, असे एकाने आम्हाला विचारले होते. बिघडते ते असे, की हदीसमध्ये परवानगी आहे, फर्ज नाही. आणि जे करणे फर्ज नाही त्यासाठी देशाचा कायदा मोडून तुरुंगात जाण्यात कसलाही सवाब नाही. तेव्हा एअरगनच्या वाट्याला उरतात ते फक्त उंदीर आणि घुशी.

आणि त्यांच्यासाठीही ती पुरी पडते असे नाही. ही बंदूक नळी मोडून भरतात. आत एक जाड स्प्रिंग असते, ती दाबली जाते आणि घोडा ओढला की दट्ट्या पुढे जाऊन हवा दाबतो. त्या हवेने शिशाचा कमरेत बारीक छर्रा बाहेर पडतो. पंधरा-वीस पावलांवरून उंदराच्या डोक्यात, डोळा आणि कानाच्या मध्ये बसला तर तो जागीच मरतो. त्यापलीकडून किंवा पोटात बसला तर जखमी उंदीर जोत्याखाली शिरतो आणि दोन दिवसांनी आख्ख्या घराला वासाने कळवतो. मोठी घूस तर पोटात छर्रा घेऊन पळूनच जाते. वर आलेली शद्दाद बिन औस (रजि.) यांची हदीस इथे फार व्यवहाराची ठरते: नेम पक्का नसेल तर घोडा ओढायचा नाही. नेम शिकायचा तो पुठ्ठ्यावर, आणि त्या पुठ्ठ्यामागे मातीचा ढीग हवा. जांभ्याची भिंत, दगडी कुंपण, पत्र्याचे छप्पर यांवर छर्रा आपटला की उलट येतो. माडाच्या शेंड्यात वर झाडलेला छर्रा चुकला तर तो कुठेतरी खाली येणारच, आणि तिकडे दुसऱ्याची वाडी असते, दुसऱ्याची मुले असतात. म्हणून माडावरचा उंदीर बंदुकीने मारायचा विचार सोडूनच द्यावा. त्याच्यासाठी खोडावर माणसाच्या डोक्यापेक्षा थोडे वर, साधारण दोन मीटरवर, दीड फूट रुंदीचा गुळगुळीत पत्रा गुंडाळतात. नख रुतत नाही, उंदीर घसरतो. मात्र शेजारच्या माडाच्या झावळ्या भिडलेल्या असतील तर तो खाली उतरतच नाही, वरच्यावर उड्या मारतो. मग पत्र्याचा पैसा वाया.

आता त्या पंधरा वर्षांच्या पोराबद्दल. बुखारी-मुस्लिममध्ये हजरत अब्दुल्लाह बिन मुगफ्फल (रजि.) यांचा प्रसंग आहे. एकजण बोटांच्या चिमटीतून खडे उडवीत होता. त्यांनी त्याला अडवले आणि सांगितले की प्रेषितांनी (स.) याची मनाई केली आहे. याने ना शिकार होते ना शत्रूला इजा. मात्र दात मोडतो, डोळा फुटतो. तो माणूस पुन्हा खडे उडवताना दिसला तेव्हा त्यांनी त्याच्याशी बोलणेच सोडले. आम्हाला ही हदीस वाचताना दर वेळी एअरगनच आठवते. डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा. छर्रा लागलेल्या मुलाचा डोळा वाचवणे किती अवघड असते ते सांगतील, आणि अशा मुलांत बहुतेकांना दुसऱ्या मुलाच्याच हातून इजा झालेली असते. तेव्हा आमचे मत साफ आहे. बंदूक घरात असेल तर ती कुलुपात असावी, छर्रे वेगळ्या कुलुपात, आणि मोठे माणूस शेजारी उभे असल्याशिवाय मुलाच्या हाती ती जाऊ नये. मुलगा रुसला तर रुसू द्यावा.

दुसरी एक गोष्ट त्याच वयाच्या मुलांना जरूर सांगावी. हजरत इब्ने उमर (रजि.) एकदा कुरैशच्या तरुणांजवळून गेले. त्यांनी एक पाखरू बांधून निशाण म्हणून उभे केले होते आणि नेमबाजी चालली होती. चुकलेला प्रत्येक तीर पाखराच्या मालकाला मिळायचा, असा सौदा ठरला होता. इब्ने उमर (रजि.) दिसताच सारे पांगले. जिवंत प्राण्याला निशाण बनवणाऱ्यावर प्रेषितांनी (स.) लानत केली आहे, हे त्यांनी तिथे सांगितले. त्या सौद्याचा तपशील आम्हाला फार बोलका वाटतो. मालकाला मोबदला मिळत होता, म्हणजे व्यवहाराच्या नजरेने कुणाचेच नुकसान नव्हते. नुकसान फक्त पाखराचे होते, आणि लानत त्यासाठीच आली.

बंदुकीपेक्षा घरातले जुने साथीदार बरे. त्यात पहिला मान मांजरीचा. हजरत अबू कतादा (रजि.) यांच्या वुजूच्या पाण्याला मांजरीने तोंड लावले, तेव्हा त्यांनी भांडे तिच्यासाठी कलते केले आणि सून आश्चर्याने पाहत होती तिला सांगितले, की प्रेषितांच्या (स.) म्हणण्याप्रमाणे मांजर नापाक नाही, ती तुमच्या अवतीभवती वावरणाऱ्यांपैकी आहे. ज्या स्त्रीला मांजरीमुळे अजाब झाला तिची हदीस तर सगळ्यांना पाठ असते. पण तिच्यातला एक भाग सहसा निसटतो. तिने मांजरीला खाऊ घातले नाही, आणि जमिनीवरचे किडेमुंगी-उंदीर खायला मोकळेही सोडले नाही. म्हणजे शिकार करणे हा मांजरीचा हक्क मानला गेला आहे. तिला दिवसभर खोलीत कोंडणाऱ्या शहरवासी मंडळींनी यावर विचार करावा.

तरीही मांजरीकडून भलती अपेक्षा नको. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिन भागात, कचऱ्यावर प्रक्रिया करणाऱ्या एका केंद्रात कॅमेरे लावून ७९ दिवस पाहणी झाली होती. तिथल्या मांजरींनी इतक्या दिवसांत दोनच मोठे उंदीर मारले. उंदीर मात्र मांजर दिसली की लपून बसत. आमचा अनुभवही असाच. मांजर घरातल्या छोट्या उंदरांचा आणि पिल्लांचा फडशा पाडते, पण भरलेल्या घुशीसमोर ती शहाण्यासारखी वाट बदलते. उपाशी ठेवली की जास्त मारते, हा समज मात्र चुकीचा आणि जुलमीही आहे. पोट भरलेली मांजरसुद्धा शिकार करतेच.

घुशीसाठी कुत्रा लागतो. आणि कुत्र्याचे नाव काढले की आपल्या घरांत लगेच दोन तट पडतात. शेतीसाठी, गुरांच्या राखणीसाठी आणि शिकारीसाठी कुत्रा ठेवायला हदीसने परवानगी दिली आहे. निव्वळ हौसेखातर ठेवला तर रोज नेकीतून एक किरात कमी होतो, काही रिवायतींत दोन. भाताची वाडी, गोठा आणि खुराडे राखणारा कुत्रा त्या परवानगीत बसतो; पलंगावर झोपणारा बसत नाही. तहारतीचा प्रश्न उरतो. कोकणातले आपण बहुतेक शाफई. अरब व्यापारी समुद्रमार्गे आले, त्यांच्याबरोबर हा मसलक आला. शाफई मतात सबंध कुत्राच नापाक आहे, म्हणून त्याचा ओला स्पर्श झाला की सात वेळा धुवायचे, त्यांपैकी एकदा मातीने. देशावरचे, मराठवाड्यातले बांधव हनफी. त्यांच्याकडे लाळ नापाक, अंग नव्हे, आणि तीनदा धुतले तरी पुरते. देशावरची सून कोकणातल्या सासरी आली की पहिला वाद माशाच्या सारावरून होतो आणि दुसरा कुत्र्याच्या भांड्यावरून! उपाय साधा आहे. कुत्र्याचे भांडे वेगळे, जागा गोठ्यापाशी, नमाजाच्या खोलीकडे जाणारी वाट बंद. अस्हाबे कहफच्या कुत्र्याचा उल्लेख कुरआनात आहे, तोही उंबरठ्यावर पाय पसरून बसलेला असाच आहे.

घूस पकडायला जातिवंत कुत्रा लागत नाही. आपला गावठी, चपळ असला की झाले. एकाने बिळाच्या एका तोंडाशी पहारीने खणायचे, कुत्रा दुसऱ्या तोंडाशी. घूस बाहेर आली की तो मानेला धरून दोन झटके देतो, काम संपले. कुठल्याही छर्ऱ्यापेक्षा हे झटपट असते. बिळात हात मात्र कधीही घालू नये. घुशीच्या रिकाम्या बिळात नाग किंवा घोणस राहायला येते. आणि एक नियम आम्ही अटळ मानतो: कुत्रा मोकळा असताना बंदूक बाहेर काढायची नाही. घुशीमागे धावणारा कुत्रा आणि धावणाऱ्या घुशीवर नेम धरणारा माणूस, या दोघांची गाठ एकाच रेषेत पडते. कुत्र्याला रेबीजची लस दरवर्षी हवीच. लेप्टोस्पायरोसिसचीही लस मिळते. उंदराच्या मुतातून पसरणारा हा रोग माणसाला किती भोवतो, ते २००५ च्या जुलैतल्या पुरानंतर मुंबईने पाहिले. पायाला जखम असताना पावसाळ्यात वाडीतल्या साचल्या पाण्यात उतरू नये, आणि मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नये.

तिसरा साथीदार पाळावा लागत नाही, नुसता राहू द्यावा लागतो. तो म्हणजे गव्हाणी घुबड, पांढऱ्या बदामी तोंडाचे. उंदीर हेच त्याचे मुख्य अन्न. घरट्यात पिल्ले असली की जोडी रात्रभर उंदीर वाहत असते. मलेशियात तेलमाडाच्या मळ्यांत उंदरांसाठी याच घुबडाला लाकडी खोकी बांधून देतात. जॉर्डनमध्ये २००२ पासून शेतकऱ्यांनी अशी खोकी लावली, आणि तिथे सर्वांत मोठी अडचण खर्चाची नव्हती, अपशकुनाची होती. घुबड दिसले की संकट येते, असे लोक मानत. आपल्याकडे तरी काय वेगळे आहे? छपरावर घुबड बसले की आजारी माणसाच्या घरात रडारड सुरू होते आणि पोरे दगड उचलतात. वास्तविक या समजुतीचा इस्लामने नाव घेऊन निकाल लावला आहे. जाहिलियतच्या काळातले अरब मानीत, की खून झालेल्या माणसाच्या डोक्यातून ‘हामा’ नावाचे घुबडासारखे पाखरू निघते आणि सूड घेईपर्यंत ओरडत राहते. संसर्गाविषयीच्या समजुती, शकुन-अपशकुन आणि सफर महिन्याची भीती यांच्याबरोबरच हामाही काही नाही, असे प्रेषितांनी (स.) सांगितले. ती हदीस बुखारीत आहे. तेव्हा घुबडावर दगड मारणारा दोन गोष्टी एकदम करतो: कायदा मोडतो आणि जाहिलियत जागी करतो. शिवाय आपले उंदीर वाचवतो.

या तिन्ही साथीदारांचा एक शत्रू आपणच घरी आणतो, तो म्हणजे विष. उंदराने विष खाल्ले की तो लगेच मरत नाही. सुस्त होऊन उघड्यावर फिरतो, आणि मांजर किंवा घुबड नेमके त्यालाच उचलते. काही विषे त्यांच्याही अंगात भिनतात. पिवळ्या फॉस्फरसची मलम तर बिस्किटावर लावून ठेवलेली लहान मुलाने तोंडात घातली, की कलेजा निकामी करते. ज्या घरात रांगते मूल आहे तिथे ती आणूच नये, असे आम्ही बजावून सांगतो. छर्ऱ्याने मेलेल्या उंदराचेही तसेच. त्याच्या अंगात शिसे असते, तो मांजरीपुढे टाकू नये, खोल पुरावा.

बकरी ईदनंतरच्या आठवड्यात घुशी का वाढतात, याचे उत्तर परसदारातच मिळते. आतडी आणि रक्त उथळ खड्ड्यात टाकून वर चार फावडी माती लोटली, तर कुत्रे आणि घुशी रात्रीतून ते उकरतात. खड्डा कमरेइतका खोल हवा, वर चुना आणि मग दगड. कोंबड्यांचे उरलेले दाणे मगरिबच्या आत झाडून घ्यावेत, खुराड्याच्या तळाला अर्ध्या इंचाहून बारीक भोकाची जाळी ठोकावी, लाकडे आणि झावळ्यांचा ढीग जोत्यापासून दूर रचावा. घुबडाचे खोके करायचे असेल तर जुन्या फळ्यांचे चालते. दोन-तीन फूट लांबीचे, एका टोकाला वीतभर उंचीचे दार, आत भुसा. ते पावसाच्या विरुद्ध दिशेला तोंड करून पंधरा फुटांवर बांधावे, आणि थंडी सुरू व्हायच्या आत बांधावे. पहिल्या वर्षी त्यात साळुंक्या राहायला आल्या तर त्यांना हुसकू नये.